‘माझं बाळ कधी?’ असं ती विचारते तेव्हा

धाकट्या बहिणीच्या मुलाचं बारसं असतं. पाळणा म्हणून होतो, घुगऱ्या वाटून होतात आणि घरातली पंचविशीची थोरली मुलगी आईला विचारते, ‘माझं बाळ कधी?’ ही मुलगी विशेष शाळा संपवून आता कार्यशाळेत जाते, कागदी पिशव्या नीट करते, महिन्याचं मानधन आणते. प्रश्न ऐकून बायका हसतात. एखादी मावशी म्हणते, ‘अगं, तूच अजून आमचं बाळ आहेस.’ आई पटकन तिच्या हातात पेढ्यांचं ताट देते आणि विषय संपतो. मुलीच्या मनात मात्र तो संपलेला नसतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालक सभांमध्ये पाळीबद्दल, स्वच्छतेबद्दल, सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाबद्दल आता बऱ्यापैकी मोकळं बोललं जातं. आई-बाबा होण्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. ‘लग्नच होणार नाही, मग मुलाबाळांचा विषय कशाला?’ असं बहुतेक घरांमध्ये धरून चाललेलं असतं. आपण गप्प बसलो म्हणून मुलांचा विचार थांबत नाही. टीव्हीवरच्या मालिका, भावाचं लग्न, मोबाइलवरचे रील्स यांतून ती आपापलं उत्तर जमवत राहतात. लग्न झालं की बाळ येतं, बाळ आलं की सगळे कौतुक करतात, एवढंच त्यांच्या हाती लागतं.

माझं म्हणणं असं आहे. सौम्य किंवा मध्यम अक्षमता असलेल्या तरुणाला किंवा तरुणीला आई-बाप होणं म्हणजे रोजच्या रोज काय काय करणं, हे समजेल अशा रीतीनं आणि खरंखुरं दाखवलं, तर ती त्यावर विचार करू शकतात. त्यातून ‘हो’ निघेल, ‘नको’ निघेल, ‘आत्ता नको’ही निघेल. ते उत्तर त्यांचं असलं पाहिजे. आपण आधीच ठरवलेलं उत्तर त्यांच्या तोंडी घालायचं नाही. तीव्र अक्षमता असेल तिथे शरीराची निगा आणि संरक्षण हेच आधी येतं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आधी प्रश्न नीट ऐका

‘माझं बाळ कधी?’ या प्रश्नाला लगेच हो किंवा नाही म्हणू नका. ‘तुला बाळ का हवंय?’ असं विचारून गप्प राहा, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहा. या मुलांना शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपल्याला तेवढा धीर नसतो. उत्तरं फार वेगवेगळी येतात. कुणाला बाळाला मांडीवर घ्यायला आवडतं. कुणाला ताईसारखं सगळ्यांनी विचारावं, साडी नेसवावी, ओटी भरावी असं वाटतं. कुणाला ‘माझं म्हणावं’ असं एक माणूस हवं असतं. एखादा मुलगा ‘मला बाबा व्हायचंय’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा घरात मोठा माणूस म्हणून मान हवा असतो, कारण तिशीतही त्याला ‘बाळ्या’ म्हणून हाक मारतात आणि दाराची किल्ली देत नाहीत.

या प्रत्येक इच्छेला वेगळं उत्तर आहे. मान हवा असेल तर घरात मान द्या, किल्ली द्या, पाहुण्यांसमोर त्याचं मत विचारा. त्यासाठी बाळाची गरज नाही. तरीही काहींच्या बाबतीत ही सगळी टरफलं बाजूला केली तरी इच्छा शिल्लक राहते: मला बाळ वाढवायचं आहे. ती खरी इच्छा आहे, तुमच्या-माझ्या इच्छेइतकीच खरी, आणि ती ऐकून घाबरून जाऊ नका.

शरीराची माहिती नसेल तर पुढचं बोलणं पोकळ ठरतं. बाळ देव पोटात ठेवतो, दवाखान्यातून आणतात, लग्नात अक्षता टाकल्या की होतं, असं सांगून ठेवलं असेल तर ते आता दुरुस्त करा. अवयवांची नेमकी नावं, चित्रं, साधी वाक्यं वापरा: पुरुषाचं आणि बाईचं शरीर कसं एकत्र येतं, गर्भ कुठे वाढतो, पाळी चुकते म्हणजे काय. सूचक बोलणं या मुलांना कळत नाही. ‘तसलं काही करू नकोस’ यातलं ‘तसलं’ म्हणजे काय, हे त्यांना खरोखरच समजत नाही. सोबतीनं संमतीचंही सांगा: मला नको असेल तर नको, समोरच्याला नको असेल तरीही नको, आणि 18 वर्षांच्या आतल्या कुणाशीही शरीरसंबंध हा कायद्यानं गुन्हा आहे. मुलग्यांना हे सांगायचं राहूनच जातं. पोलीस चौकीत पोहोचल्यावर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

बाळाचा दिवस दाखवा

मला सर्वांत जास्त भर या भागावर द्यायचा आहे, कारण इथे बोलण्यापेक्षा करण्याला महत्त्व आहे. ‘बाळ म्हणजे मोठी जबाबदारी असते बरं’ हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं आणि त्यातून काहीही कळत नाही. जबाबदारी ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. दिसतं ते दूध, शी-शू, रडणं, रात्र, पैसे.

नात्यात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल तर त्याच्या आईची परवानगी घेऊन एक दिवस तिथे घालवा. बाळ खेळतंय तेवढा एक तास पाहून परत येऊ नका. सकाळी जा, संध्याकाळपर्यंत थांबा. मोबाइलवर प्रत्येक कामाचा फोटो काढा: दूध पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, मालिश, आंघोळ, झोपवणं, पुन्हा दूध. घरी येऊन फोटो छापून घ्या, प्रत्येकाखाली घड्याळाचं चित्र चिकटवा आणि भिंतीवर ओळीनं लावा. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. ही संख्या सांगून उमगत नाही. चौथा दुधाचा फोटो लावताना मुलगी आपणहून म्हणते, ‘परत?’ त्या ‘परत’पासून खरा विचार सुरू होतो.

मग रात्र. शनिवारी रात्री दर अडीच तासांनी मोबाइलचा गजर लावा. गजर झाला की उठायचं, दिवा लावायचा, बाहुलीचा लंगोट बदलायचा, वीस मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं. तुम्हीही सोबत उठा. हा खेळ शिक्षा म्हणून खेळायचा नाही. भीती घालून परावृत्त करण्यासाठी बाहुली वापरण्यावर माझा विश्वास नाही, आणि त्याला आधार आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलींना रडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बाहुल्या सांभाळायला देऊन अल्पवयीन मातृत्व रोखण्याचा कार्यक्रम झाला. 2016 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निष्कर्ष आला, तेव्हा बाहुल्या सांभाळलेल्या मुलींमध्ये गर्भधारणेचं प्रमाण उलट जास्त निघालं होतं. त्या सर्वसाधारण शाळांतल्या मुली होत्या, पण आपल्यासाठीही त्यातून घेण्यासारखं आहे: बाहुली सरावाला ठीक आहे, निर्णय घडतो तो आधी-नंतरच्या बोलण्यातून. सकाळी चहा घेताना विचारा, कसं वाटलं? कुठल्या गजराला उठवेना? रोज असं असेल तर कार्यशाळेत कोण जाईल?

पैशाचाही हिशोब हातांनीच होऊ द्या. त्याचं किंवा तिचं महिन्याचं मानधन आणि संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळत असेल तर ते, खऱ्या नोटांमध्ये टेबलावर ठेवा. मेडिकलच्या दुकानात जाऊन डायपरच्या पाकिटावरची किंमत स्वतः वाचायला लावा. डॉक्टरांची फी, दूध, कपडे, रिक्षा यांची पाकिटं करून नोटा वाटा. नोटा संपल्या की पाकिटं रिकामी राहतात. मग विचारा, उरलेलं कोण देईल? त्या माणसाला आपण विचारलंय का?

यानंतर पत्त्यांचा एक डाव मांडा. बाळाच्या संगोपनातल्या तीसेक कामांची चित्रं एकेका पत्त्यावर काढायची. मान धरून उचलणं, लस टोचायला नेणं (जन्मल्यावर, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, मग नवव्या महिन्यात), सहा महिने फक्त आईचं दूध, ताप मोजणं, औषध बरोबर मापात देणं, राग आला तरी बाळाला न हलवणं, अंगणवाडीत सोडणं, पुढे अभ्यास घेणं. मुलानं किंवा मुलीनं प्रत्येक पत्ता तीन ढिगांपैकी एकात टाकायचा: मी एकट्यानं करीन, मदतीनं करीन, मला जमणार नाही. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. औषधाचा पत्ता हमखास अडवतो. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते आणि एकाचं माप दुसऱ्याला लावलं तर धोका होतो, हे शिकल्यासवरल्यांच्याही लक्षात राहत नाही. म्हणून या डावाला तिच्या धाकट्या भावालाही बसवा. त्याचेही बरेच पत्ते ‘मदतीनं’च्या ढिगात जातील. आपल्याकडे बाळंतीण माहेरी जाते, आजी न्हाऊ घालते, आत्या रात्र काढते. एकटीनं मूल वाढवण्याची परीक्षा आपण कुठल्याच सुनेची घेत नाही. ती फक्त याच मुलीची घेणं अन्यायाचं आहे.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मॉरिस फेल्डमन यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या आईबापांसोबत वर्षानुवर्षं काम केलं. आंघोळ, लंगोट, दूध अशा कामांचे छोटे छोटे टप्पे करून चित्रांच्या पुस्तिका दिल्या, समोर करून दाखवलं, घरी जाऊन सराव घेतला, तेव्हा अनेक पालक ती कामं नीट शिकले आणि टिकवूनही ठेवली. बुद्ध्यंकाचा आकडा एकटा पाहून कोण कसं मूल वाढवेल हे सांगता येत नाही, असं या क्षेत्रातले अभ्यासक पुनःपुन्हा सांगतात. शेजारी मदतीला कोण आहे, घरात मारहाण आहे का, पैसा आहे का, आईचं मन ठिकाणावर आहे का, यांचा परिणाम मोठा असतो.

‘बाळही तसंच होईल का?’

हा प्रश्न मुलं कमी विचारतात, नातेवाईक जास्त. उत्तर कारणावर अवलंबून आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, मूल फार अपुऱ्या दिवसांचं होतं, लहानपणी मेंदूज्वर झाला, अशा कारणांनी आलेली अक्षमता पुढच्या पिढीत उतरत नाही. फ्रॅजाइल एक्ससारखे काही विकार मात्र उतरतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुली आई होऊ शकतात आणि त्यांच्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता बरीच असते, अगदी निम्म्यापर्यंत. डाउन सिंड्रोम असलेल्या पुरुषांमध्ये प्रजननक्षमता बहुधा फार कमी असते, पण ‘शून्य’ समजून बेफिकीर राहू नये. मुलाच्या जुन्या तपासण्यांची फाइल घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा आणि मुलाला सोबत घेऊन जा. बोलणं त्याच्याशी होऊ द्या.

आणखी एक तातडीची गोष्ट. या मुलांपैकी अनेकांना आकडी येते आणि त्यासाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असतं. गरोदरपणात हे औषध गर्भाला मोठी इजा करू शकतं. औषध आपल्या मनानं बंद करणं तितकंच धोक्याचं आहे. मुलगी वयात आली की तिच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा: पुढे कधी दिवस राहिले तर हे औषध चालेल का, दुसरं कुठलं देता येईल? आकडीच्या काही औषधांनी गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होतो, तेही याच भेटीत विचारून घ्या.

पिशवी काढण्याचा सल्ला

‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की हा सल्ला मिळतोच. महाराष्ट्रानं याचं सर्वांत दुखरं रूप 1994 मध्ये पाहिलं. शिरूरच्या मतिमंद मुलींच्या शासनमान्य शाळेतल्या मुलींना पुण्यात ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढली गेली. पाळीची निगा राखता येत नाही, असं कारण दिलं होतं. देशभर वादळ उठलं. स्त्री संघटनांनी तेव्हा विचारलेला प्रश्न आजही लागू आहे: पिशवी काढून मुलीवरचा अत्याचार थांबतो का? थांबत नाही. फक्त गर्भ राहत नाही, आणि अत्याचार उघड होण्याची एक वाट बंद होते.

आज कायदा स्वच्छ आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 10 नुसार प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची योग्य माहिती मिळणं हा दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे आणि तिच्या मुक्त, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. कलम 9 म्हणतं की दिव्यांग मुलाला दिव्यांगत्वाच्या कारणावरून आईबापांपासून तोडता येणार नाही. मुलाच्या हितासाठी गरज पडलीच तर सक्षम न्यायालयाचा आदेश लागेल. दिव्यांग स्त्रीचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीशिवाय केला तर कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. अपवाद आहे तो तीव्र अक्षमतेचा, आणि तिथेही डॉक्टरांचं मत व पालकाची संमती लागते.

कायद्याआधीच, 2009 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं चंदीगडच्या सुचिता श्रीवास्तव खटल्यात हीच दिशा दाखवली होती. निवारागृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीवर अत्याचार होऊन दिवस गेले होते, उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला होता, तिला मात्र बाळ हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रोखला आणि मूल जन्माला घालायचं की नाही ही निवड व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं म्हटलं. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. सत्तावीस वर्षांच्या अविवाहित मुलीच्या वडिलांनी गर्भपाताची परवानगी मागितली होती आणि मुलीला बाळ हवं होतं. वैद्यकीय मंडळानं तिचा बुद्ध्यंक 75 सांगितला. सर्वसाधारणपेक्षा कमी बुद्धी आहे म्हणून तिला आई होण्याचा हक्कच नाही का, असं न्यायालयानं विचारलं. या वडिलांची काळजी मला समजते. म्हणूनच वाटतं, की हे बोलणं एकविसाव्या आठवड्यात कोर्टात होण्याऐवजी काही वर्षं आधी घरात झालेलं बरं.

सध्या मूल नको, पण संबंधांची शक्यता आहे, असं असेल तर पिशवीला हात न लावता बरेच उपाय आहेत. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं; रोज लक्षात ठेवावं लागत नाही. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, कॅलेंडरवर खूण करून घेणारीला जमते. तांबी वर्षानुवर्षं चालते. निरोध रोगांपासूनही वाचवतो आणि तो वापरायला मुलग्यांना चित्रावर नव्हे, प्लॅस्टिकच्या नमुन्यावर शिकवावं लागतं. कुठलं साधन घ्यायचं ते डॉक्टर, मुलगी आणि तुम्ही मिळून ठरवा आणि डॉक्टरांना आग्रहानं सांगा, की तिच्याकडे पाहून बोला.

लग्नाबद्दल थोडंच सांगते. ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ यात तथ्य नाही. अक्षमता लपवून जमवलेलं लग्न पहिल्या दिवाळीपर्यंतही टिकत नाही आणि त्यात दिवस गेलेले असले तर तिघांची फरफट होते. स्थळ आलं तर सगळं उघड सांगा, दोघांनाही वर सांगितलेले पत्ते खेळायला लावा, आणि दोन्ही घरांत मदत कोण करणार ते लिहून काढा.

उत्तर आल्यानंतर

पत्ते, पाकिटं आणि गजर झाल्यावर काही मुलं आपणहून ‘नको’ म्हणतात. तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकून विषय बंद करू नका. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीलाही वाईट वाटतं, आणि पुढच्या बारशाला ती कोपऱ्यात बसून रडेल. रडू द्या, जवळ बसा. लहान मुलांत रमणं हा तिचा गुण असेल तर त्याला जागा शोधा: अंगणवाडीत किंवा पाळणाघरात रोज दोन तास मदतनीस म्हणून काम, भाच्याला शाळेतून आणण्याची कायमची जबाबदारी. ही जागा खरी असावी, मन राखण्यापुरती नको. ‘मावशी आली’ असं म्हणत मूल धावत यायला हवं.

‘हो’ आलं तर घाई नको. ‘मदतीनं’च्या ढिगातला एकेक पत्ता उचला आणि त्यावर नाव लिहा: औषधाला आजी, बँकेला दादा, अभ्यासाला शेजारची ताई. ज्या पत्त्यावर नावच लिहिता येत नाही, तिथे प्रामाणिकपणे थांबा. आजीचं वय सत्तर असेल तर दहा वर्षांनी त्या पत्त्यावर कुणाचं नाव असेल, हेही मुलीसमोरच बोला. तिला ते कळतं. येणाऱ्या बाळाचाही हक्क आहे आणि त्याची बाजू मांडायला अजून कुणी नाही, हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते.

ही बोलणी एका बैठकीत होत नाहीत. सतराव्या-अठराव्या वर्षी सुरुवात करा आणि वर्षातून दोनदा तरी पुन्हा बोला, कारण विसाव्या वर्षीचं मत सव्विसाव्या वर्षी बदलतं. प्रत्येक वेळी एका वहीत तारीख घालून तिचेच शब्द लिहा, ती म्हणाली तसे, तुमची दुरुस्ती न करता. तिला चित्र काढायचं असेल तर तेही त्याच वहीत. ही वही युडीआयडी कार्ड, औषधांची यादी आणि पालकत्वाची कागदपत्रं यांच्याच फाइलमध्ये ठेवा आणि ती कुठे आहे हे तिच्या भावाला किंवा बहिणीला दाखवून ठेवा. उद्या तुम्ही नसताना एखादा डॉक्टर त्यांना ‘हिचं काय करायचं?’ असं विचारेल, तेव्हा त्यांना आधी ती वही उघडता येईल आणि मग तिलाच पुन्हा विचारता येईल.